कोहक्याचा बिनसांध्याचा पट्टा

आमच्या कारखान्याच्या खरेदी विभागात बाकीच्या टेबलांवरची माणसं वस्तू विकत घ्यायची. माझं काम उलटं होतं. अमुक एक वस्तू आपल्या देशात कुठेच मिळत नाही, हे मी सिद्ध करायचे. ते पुरतं सिद्ध झालं, की दिल्लीचं खातं ती वस्तू परदेशातून मागवायची परवानगी द्यायचं. सिद्ध झालं नाही, तर मशीन बंद ठेवून मी पुन्हा सिद्ध करायला बसायचे. ऐन उमेदीची वर्षं मी यात घालवली. नसलेल्या वस्तू शोधण्यात माझा हात धरणारं त्या काळी दुर्ग जिल्ह्यात कुणी नव्हतं, हे मी जरा अभिमानानेच सांगते.

हल्ली टीव्हीवर रोज आयात शुल्काची चर्चा असते. कुठला देश कुणाच्या मालावर किती कर लावणार, कोण कुणाला धडा शिकवणार. माझे जावई ते मन लावून ऐकतात आणि मला समजावून सांगतात. मी मान हलवते. देशाच्या दाराशी भिंत बांधली की आतला कारखानदार तगतो, आणि भिंत पाडली की गिऱ्हाईक सुखी होतं, असं एका ओळीत सांगता येतं. मी त्या भिंतीला लागून टेबल टाकून बसले होते, त्यामुळे मला एका ओळीत सांगता येत नाही.

तेव्हा आमचं भिलाई मध्य प्रदेशात होतं. माझे बाबा भंडाऱ्याकडून येऊन स्टील प्लांटमध्ये लागले, आणि मी शिकून औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी कारखान्यात. त्याचं नाव सांगत नाही, आता तो तिथे नाहीही. आम्ही क्रेनचे आणि मोठ्या यंत्रांचे गिअर, म्हणजे दातेरी चाकं बनवायचो. सरकारी भाषेत देशी उद्योगाला ‘संरक्षण’ होतं आणि माझे सगळे कागद त्या संरक्षणाचे असायचे. गावाकडच्या माझ्या आत्याने त्यावरून समजूत करून घेतली होती, की सुशीला मिलिटरीत आहे. लग्नाच्या बोलणीत तिने ते सांगितलंही. मुलाकडच्यांनी मला बंदुकीबद्दल विचारलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

आता पट्ट्याचं सांगते.

आमच्याकडे गिअरच्या दातांना शेवटची सफाई देणारं एक जुनं पूर्व जर्मन ग्राइंडिंग मशीन होतं. देशात तसं दुसरं नव्हतं. त्याचं दगडी चाक एका अरुंद विणलेल्या पट्ट्यावर फिरायचं, आणि त्या पट्ट्याला सांधा नसायचा. साध्या पट्ट्याची दोन टोकं जोडलेली असतात. तो जोड चाकावरून गेला की बारीकसा धक्का बसतो, आणि तो धक्का गिअरच्या दातावर रेघ होऊन उमटतो. म्हणून हा पट्टा बांगडीसारखा अखंड विणलेला. राखीव ठेवलेले पट्टे संपले, शेवटचा तुटला, आणि मशीन थांबलं.

आमचे वर्क्स मॅनेजर नंबियार साहेब शांत माणूस. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मेश्राम मॅडम, यह बेल्ट इंडिया में नहीं मिलता, यह साबित कर दीजिए. जल्दी.”

नियमाप्रमाणे मी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: असा असा बिनसांध्याचा पट्टा हवा आहे, कोणी बनवत असल्यास कळवावे. उत्तर येऊ नये अशी इच्छा धरून जाहिरात देणारी मी एकटीच असेन. तरी उत्तर आलं. सिव्हिक सेंटरच्या बाजारातले एक दुकानदार कमरेच्या पट्ट्यांची पेटी घेऊन हजर झाले. मी त्यांना बकल नको, सांधा नको, असं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, बिना बकल के पहनेंगे कैसे?” ‘उपयुक्त उत्तर आले नाही’ असा शेरा मारून मी कागद दिल्लीला पाठवले.

दिल्लीहून नकार आला. सदर वस्तू देशात तयार होते, सबब आयातीची परवानगी देता येत नाही. एका देशी उत्पादकाने तुमच्या अर्जाला हरकत घेतली आहे, त्याच्याकडून घ्यावी. खाली उत्पादकाचा पत्ता: व्ही. एम. धोटे, कोहका, भिलाई.

कारखान्यातून कोहका माझ्या लुनावर चहा निवण्याच्या आत येतं. नंबियार साहेबांनी पत्ता वाचला, चष्मा पुसला, आणि पुन्हा वाचला.

मी गेले. घर साधं, पुढे मोगऱ्याचं झाड, मागे पत्र्याची शेड. दारावर पाटी होती, त्यात उत्पादनांची यादी: पट्टे, ब्रश, गॅस्केट, आणि का कोण जाणे, थर्मामीटर. एक उंच, कृश गृहस्थ बनियनवर बाहेर आले. स्टील प्लांटमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले वासुदेवराव धोटे ते हेच.

“तू मेश्रामची पोरगी नं? ब्लूमिंग मिलमधल्या?” ते म्हणाले. “ये. बस. कावून आली?”

“काका, तुम्ही आमच्या पट्ट्याला हरकत घेतली.”

“घेतली नं.”

“तुम्ही तो पट्टा बनवता?”

“बनवून राहिलो,” ते म्हणाले. “झाला नाई अजून.”

आतून काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “ह्याइले सांगून सांगून थकली मी. आधी बनवा, मंग कागद पाठवा. तं म्हणते, कागद आधी पाठवला नाई तं बाहेरचा माल येऊन जाते.”

“बराबर हाय ते,” धोटेकाका म्हणाले.

आणि खरंच, कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. त्यांनी मला शेडमध्ये नेलं. तिथे लोखंडी चौकटीत दोन लाकडी रूळ बसवलेले. त्यांच्याभोवती उभे धागे गोल फिरवून ताणलेले, आणि त्यात आडवा धागा घालत घालत पूर्ण फेरा विणत जायचं, म्हणजे सांधा राहत नाही. युक्ती पक्की होती. धागा मात्र खाटेच्या नवारीचा होता.

“काका, मशीनवर हा टिकेल?”

“कोण्या मशीनवर लावूनच पाहिला नाई अजून. मशीन तुमच्यापाशीच हाय.” मग ते जरा थांबून म्हणाले, “मी प्लांटात लागलो तवा बाहेरून आलेले साहेब होते. मी एक साधा रिंग बनवून नेला तं साहेब हासला. म्हणे, हे तिकडून येईन, तू फक्त बसवजो. मी तीस वर्सं बसवतच राहिलो. आता बनवाचं हाय.”

नवारीचा पट्टा घेऊन मी परत आले. तो मशीनवर चढवला. सकाळच्या चहापर्यंत चालला. मग तो फाटक्या परकरासारखा चाकाला गुंडाळला गेला.

मी दिल्लीला कळवलं, की देशी पट्टा चालत नाही. दिल्लीने दुर्गच्या उद्योग कार्यालयाला चौकशी करायला सांगितलं, आणि तिथून तिवारी नावाचे निरीक्षक आले. मीही त्यांच्यासोबत कोहक्याला गेले. तिवारीजींनी शेड बघितली, माग बघितला, काकूंच्या हातची भजी खाल्ली, आणि कागद पुढे ओढला. पट्टा चालतो की नाही, असा रकानाच त्यांच्या कागदावर नव्हता. रकाना होता उत्पादनक्षमतेचा.

“महीने में कितने बना लेते हैं?”

“एक तं होतेच,” काका म्हणाले.

“और पूरे देश में डिमांड कितनी है?” त्यांनी मला विचारलं.

देशात असं मशीन एकच, आमचं. चांगला पट्टा त्याला वर्षभर पुरतो. मला खोटं बोलता येईना. तिवारीजींनी लिहिलं: सदर उत्पादक देशाची संपूर्ण गरज भागवून शिवाय निर्यात करण्यास समर्थ आहे.

झालं. आमचा रस्ता बंद. दोनेकशे माणसांच्या कारखान्याचं पोट कोहक्याच्या एका शेडवर येऊन ठेपलं. काकांचे पट्टे हळूहळू सुधारले, चहापर्यंत टिकायचे ते पाळीभर टिकायला लागले. पण सूत ते सूत. पावसाळ्यात पट्टा सैल पडायचा, उन्हाळ्यात आवळायचा. पावसाळ्यातल्या गिअरवर एक प्रकारची रेघ, मे महिन्यातल्या गिअरवर दुसऱ्या प्रकारची. नंबियार साहेब गिऱ्हाइकांना म्हणायचे, “हमारा गियर सीज़नल है.” ते हसत नसत, त्यामुळे गिऱ्हाईक ते लिहून घेत.

सुताऐवजी मजबूत नायलॉनचा धागा हवा होता. तो बाहेरून आणायचा तर त्यावरचं शुल्क धाग्याहून जड, आणि वर परवानगी पाहिजे. काकांच्या वतीने मी अर्ज केला. त्याला गुजरातेतल्या एका उत्पादकाने हरकत घेतली, की असा धागा आम्ही बनवतो. मी त्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, “बना रहे हैं, बहनजी. अभी बना नहीं.”

धोटेकाकांना मी हे सांगितलं तर त्यांना त्या माणसाचं कौतुकच वाटलं.

शेवटी मी वाट काढली. आयात धोरणाच्या जाड पुस्तकात एक कलम होतं: देशी उत्पादकाला अभ्यासासाठी परदेशी वस्तूचा एक नमुना आणता येतो. म्हणजे काकांनी स्वतःच्या नावावर एक पट्टा मागवायचा. अभ्यास म्हणून तो आमच्या मशीनवर चढवायचा. अभ्यास किती दिवस चालावा, याबद्दल पुस्तक गप्प होतं. नंबियार साहेबांना ते फार आवडलं. पट्टा मुंबईला विमानाने आला, आणि तो सोडवायला दुर्गहून गाडी पकडून मी आणि धोटेकाका निघालो. काकांनी लग्नातला कोट घातला होता.

विमानतळाच्या मालघरात कस्टमचे अप्रेझर बसले होते. वस्तू कुठल्या वर्गात बसते, हे ठरवणारा अधिकारी तो अप्रेझर. त्यावर शुल्क ठरतं, म्हणून सगळी लढाई तिथे असते. हे गृहस्थ पुण्याकडचे वाटले, बोलणं अगदी स्वच्छ. त्यांनी पाकिटातून पट्टा काढला, ताणला, उलटा केला.

“हे विणलेलं आहे. म्हणजे कापड.”

“मशीनचा भाग आहे, साहेब,” मी म्हटलं.

“मशीन कुठे आहे?”

“भिलाईला.”

“मग इथे ते कापड आहे.” त्यांनी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली. त्यांच्या मते ती नाडी होती. तिसऱ्याने तो कमरेला लावून पाहिला. त्याला तो बसला आणि प्रकरण आणखी अवघड झालं, कारण कपड्यांचं शुल्क वेगळं. नाडी, कापड, कपडा की यंत्रभाग यावर ते तिघे इतक्या गांभीर्याने बोलत होते, की थोड्या वेळाने मलाही शंका यायला लागली.

मग अप्रेझरांनी कागद वाचले आणि काकांकडे पाहिलं. “धोटे तुम्ही? तुम्ही हा पट्टा देशात बनवता अशी तुमची नोंद आहे. बनवत असाल तर मागवता कशाला? आणि बनवत नसाल तर हरकत कशी घेतलीत?”

मी वाटेत काकांना उत्तर पढवून आणलं होतं: तुलनात्मक अभ्यासासाठी. काका ते विसरले, किंवा त्यांना ते बोलवेना.

“बनवतो, साहेब,” ते म्हणाले. “चांगला बनत नाई.”

अप्रेझरांनी कागद खाली ठेवले. “असं आजवर माझ्यासमोर कुणी म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात, आमचा माल बाहेरच्यापेक्षा सरस आहे.”

“सरस असता तं मी कशाले आलो असतो एवढ्या दूर?”

अप्रेझरांचा सूरच बदलला. त्यांनी चहा मागवला. नमुना म्हणून सोडतो, म्हणाले, शुल्क लागणार नाही. फक्त नियमाप्रमाणे नमुना वापरता येणार नाही असा करावा लागतो, नाहीतर नमुन्याच्या नावाखाली लोक मालच आणतील. ती बारीक ओळ आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

“म्हणजे काय करायचं?” मी विचारलं.

“कापायचा.”

बिनसांध्याचा पट्टा. त्याचं सगळं मोल तो अखंड असण्यात. मी अप्रेझरांना म्हटलं, की आम्हाला अख्खा हवा आहे, दुसरा मार्ग सांगा. दुसरा मार्ग होता. पूर्ण शुल्क आणि वर दंड भरायचा, की अख्खा घेऊन जाता येईल. कारखान्याने मला तेवढी मुभा दिलेली होती. मी पर्स उघडली.

“थांब, पोरी,” काका म्हणाले. “कापू दे.”

मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी समजावलं. तुमचाही शेवटचा पट्टा तुटून मशीन पुन्हा बंद आहे, माणसं बसून आहेत, हा पट्टा नेला की परवा काम सुरू.

“समजलं मले. अख्खा नेला तं तू मशीनवर चढवशीन. तो वर्सभर चालन. वर्सभर कोणी माह्या शेडकडं पाहणार नाई.” ते खालच्या आवाजात बोलत होते, पण ठाम. “अन् मले आत काय हाय ते पाहाचं हाय. वरून दिसत नाई ते.”

“काका, कारखान्याचा विचार करा.”

“नमुना माह्या नावावर हाय,” ते म्हणाले.

तसा तो होता. ती युक्ती माझीच. अप्रेझरांनी खणातून मोठी कात्री काढली. कापताना ते स्वतःच जरा कचरले, मग त्यांनी डोळे बारीक करून कचकन कापला आणि दोन्ही टोकं अदबीने काकांच्या हातात दिली.

परतीच्या गाडीत मी काकांशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं. त्यांनी डब्यात पट्ट्याचं टोक उसवायला घेतलं होतं, आणि नागपूर येईपर्यंत त्यांच्या मांडीवर, कोटावर धाग्यांचा लहानसा ढीग झाला होता. भुसावळजवळ ते एकदा “आबाबा” म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

नंबियार साहेबांना मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “कैंची किसकी थी?” मी म्हटलं, सरकारची. “तो ठीक है,” ते म्हणाले, आणि मशीनच्या माणसांना रजेवर सोडलं.

पुढचं सगळं कोहक्याच्या शेडमध्ये घडलं. पट्ट्याच्या आत तिरपे धागे होते, वरून न दिसणारे. काकांनी मागाची चौकट मोडून पुन्हा उभी केली. नायलॉनचा प्रश्न काकूंनी सोडवला. मरोद्याच्या तलावावर मासे धरणाऱ्यांची जाळी नायलॉनची असतात, त्याचा धागा बाजारात मिळतो, आणि त्याला ना परवानगी लागते ना दिल्ली. काकूंना ते ठाऊक होतं, कारण घरात मासे तेवढ्या त्याच खायच्या. तो धागा ताणला की लांबायचा. मग त्यांनी तो भाताच्या मोठ्या पातेल्यात उकळून, खाली पाटा-वरवंटा टांगून वाळवायला सुरुवात केली. कित्येक पट्टे बिघडले. एक विणता विणता आपोआप पिळून इंग्रजी आठ झाला. एक मशीनवर चढताच नंबियार साहेबांच्या डोक्यावरून उडाला.

मग एक टिकला. पाळी संपली तरी टिकला, आठवडा गेला तरी टिकला. चालताना तो शिट्टी वाजवायचा, बारीक आणि सलग, त्यामुळे मशीन चालू आहे की नाही हे मला टेबलावर बसून कळायचं. त्या शिट्टीची सगळ्यांना सवय झाली. गिअर बरे निघायला लागले, अगदी जर्मन नव्हेत, पण बारमाही. माझा रागही तोवर निवला होता. पुढची काही वर्षं देशाची पट्ट्याची संपूर्ण गरज खरोखरच कोहक्यातून भागली.

एक्क्याण्णवनंतर वारं फिरलं. परवानग्या गेल्या, शुल्क उतरत गेलं. एके दिवशी नागपूरहून एक विक्रेता आला. टाय लावलेला. त्याने बॅग उघडून तसलेच परदेशी पट्टे माझ्या टेबलावर पसरले, जणू काकड्या. मी सवयीने विचारलं, “परवानगी?” तो म्हणाला, “कशाची, मॅडम?”

त्या दिवशी माझं काम संपलं. वस्तू मिळत नाही, असं आता कुणालाच सिद्ध करून नको होतं. मला साध्या खरेदीवर बसवलं. कारखान्याने परदेशी पट्टे घेतले, शिट्टी बंद झाली. काकांना सांगायला मीच गेले, एक नवा पट्टा सोबत घेऊन. त्यांनी तो कानाशी धरून ताणला, नखाने खरवडला, आणि म्हणाले, “चांगला हाय. आता विणकाम बदललं त्याइनं. हे तिरपं दुहेरी हाय.” मग म्हणाले, “हरकत घ्याचा कागद आन.”

“काका, तो कागद आता नाही.”

“मंग कोणता हाय?”

“कोणताच नाही.”

काकू दारात उभ्या होत्या. “झालं,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. मला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

पण ज्या दाराने पट्टे आले, त्याच दाराने दोन-तीन वर्षांत परदेशी गिअरही आले. स्वस्त आणि आरशासारखे. आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळायला लागली. तोवर ‘दार उघडा’ म्हणणारे आमचे मालक आता भिंत मागायला दिल्लीला गेले. देशी उद्योग बुडतो आहे, बाहेरच्या गिअरवर शुल्क वाढवा. अर्ज मीच लिहिला. तशा अर्जांची भाषा मला पाठ होती, फक्त पूर्वी मी ती शत्रूची भाषा म्हणून वाचायचे.

पाहणीसाठी दिल्लीहून एक अधिकारी येणार ठरलं. मालकांना वाटलं, आपण नखशिखांत स्वदेशी दिसलं पाहिजे. परदेशी खोक्यांवर कागद चिकटवले. मशीनवरची जर्मन अक्षरं मात्र काढता येईनात, त्यावर कुणीतरी झेंडूची माळ टाकली. आणि मला कोहक्याला पाठवलं, की धोटेंचा पट्टा आणा, धोटेंनाही आणा. भिंत पडल्यामुळे उद्ध्वस्त झालेला छोटा उद्योजक म्हणून ते अधिकाऱ्यांना दाखवायचे होते.

काका आले, तोच कोट घालून. अधिकारी तरुण होते, नम्र. त्यांनी शिट्टी वाजवणारं मशीन पाहिलं, माळ पाहिली. शेवटी मालकांना विचारलं, “आपको कितने साल का प्रोटेक्शन चाहिए?”

“कम से कम दस साल,” मालक म्हणाले.

मग ते काकांकडे वळले. “और आपको?”

मालकांनी काकांकडे अशा नजरेने पाहिलं, की आता रडायला हरकत नाही. काका विचारात पडले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलवले, आणि म्हणाले, “मले? दिवाळीपर्यंत.”

“दिवाली तक?”

“दुहेरी विणकाम जमून राहिलं, साहेब. दिवाळीपर्यंत होऊन जाते. मंग नाई लागत.”

अधिकाऱ्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. मालकांनी नंतर नंबियार साहेबांना विचारलं, की या माणसाला कुणी बोलावलं होतं.

शुल्क काही वाढलं नाही. ना दहा वर्षांसाठी, ना दिवाळीपर्यंत. पाऊस सरता सरता गिअरच्या ऑर्डरी जवळजवळ थांबल्या, ग्राइंडिंगचं मशीन उभंच राहिलं, आणि ते विकायचं बोलणंही सुरू झालं.

दिवाळीच्या तोंडावर, कारखान्याला सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, काका आणि काकू रिक्षाने फाटकाशी उतरले. काकूंच्या हातात फराळाचा डबा होता आणि काकांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पट्टा. आता मशीनला कामच नाही, हे त्यांना सांगायचा मला धीर होईना. मी त्यांना नंबियार साहेबांकडे नेलं. साहेबांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि स्वतः मशीनपाशी आले.

पट्टा चढवला. नंबियार साहेबांनी बटण दाबलं. चाक वेगात आलं. शिट्टी नव्हती, थरथर नव्हती, मशीन चालू आहे हे फक्त हात लावून कळत होतं. घासायला गिअर एकही नव्हता. काकांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला मागितला आणि मशीनच्या अंगावर ठेवला. पाणी हललं नाही. आजूबाजूची माणसं येऊन उभी राहिली. काकूंनी डबा उघडून सगळ्यांच्या हातावर चकली ठेवली, आणि ती आवाज न करता खाण्याचा प्रयत्न करत सगळे पेल्याकडे बघत राहिले. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. मशीन रिकामंच फिरत होतं, आणि ते बंद करा असं कुणी म्हणेना.